आप्पा मेल्यावर सुधारले

ती तक्रार आजही आठवली की मी एकटाच हसत सुटतो, आणि बायको आतून विचारते, "आता काय झालं हो?" नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पेटलेल्या तंबाखूच्या वखारी पाहिल्या. त्यातलं बरंच विसरलो. ही एक मात्र जशीच्या तशी डोक्यात आहे. यातल्या कुणाचं नाव मी सांगणार नाही. सगळी माणसं हयात आहेत, एक सोडून, आणि सगळा घोळ त्या एकाचाच होता.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. निपाणी भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. आमच्या सीमाभागातल्या ठाण्याची गंमत अशी, की तक्रारदार मराठीत रडतो, शिपाई त्याला हिंदीत दम देतो आणि कागद कन्नडात होतो. मी उभी नोकरी मराठीत विचार करून कन्नडात लिहीत काढली. सकाळची हजेरी घ्यायची, बीटवाल्यांना कामं वाटायची, मग स्टेशन डायरी पुढ्यात ओढून चहा मागवायचा, हा माझा नेम. चहा यायच्या आत कुणी अर्ज घेऊन आलं की माझं डोकं फिरायचं. त्या दिवशी नेमका चहाच्या आधीच एक गृहस्थ आत शिरला.

चाळिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. बाजारात त्याचं खतांचं दुकान होतं. नमस्कार-चमत्कार काही नाही, मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, हे ऐका."

पडद्यावर पटका बांधलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो होता आणि आतून खर्जातला आवाज आला. आधी खाकरला, मग म्हणाला, "आं? काय रं लेकांनो, उठलासा का न्हाय? बायका मघापासनं राबाय लागल्यात आन् तुम्ही हातरुणात मोबाईल घिऊन! उठा. एक दिस आपला च्या आपण करून प्या. हात झडत न्हाईत."

मी मोठ्यानं हसलो. शेजारी उभी असलेली महिला कॉन्स्टेबलही हसली. तक्रारदार हसला नाही.

"ह्यो माझा बाप हाय," तो म्हणाला.

"मग त्यांना घेऊन यायचं की. गुन्हा काय आहे त्यात?"

"बाप मेलाय साहेब. वरीस होत आलं."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी त्याला बसायला सांगितलं आणि चहा दोन सांगितले.

त्याचा बाप म्हणजे तंबाखूचा जुना दलाल. निपाणीपासून चिकोडीपर्यंत सगळा मुलूख त्याला आप्पा म्हणायचा. तोंडाचा फटकळ; भाव ठरवताना समोरच्याच्या तीन पिढ्या उद्धरायचा आणि तरी माणसं त्याच्याकडंच माल आणायची. तो गेल्यावर काही महिन्यांनी कुणीतरी त्याच्या फोटोचं एक पान मोबाईलवर काढलं होतं. रोज सकाळी त्यावर आप्पांचं एक नवं बोलणं यायचं. बेळगाव, कोल्हापूर, पार पुण्यापर्यंतचे लोक ते ऐकत होते आणि एकमेकांना पाठवत होते.

"माझा बाप मेलाय, आन् ह्यो बसस्टँडवर सगळ्यांच्या मोबाईलात बोलतोय," तक्रारदार म्हणाला. "दुकानात गिऱ्हाइकं इचारत्यात, आज आप्पानं भांडी घासाय सांगितल्यात म्हणं, घासलासा का? आन् साहेब, आप्पा असं जन्मात बोललं न्हाईत! त्यांनी पाण्याचा तांब्या कधी आपल्या हातानं घेतला न्हाय. ते कुणाला च्या करा म्हणून सांगतील व्हय?"

हे मात्र मी मनात नोंदवून ठेवलं. आवाज बापाचा, पण बाप मेल्यावर सुधारला होता.

जाताना तो दारात थांबला. "जो कोण आसंल त्याला आत टाका. आप्पाच्या फोटोपुढं शपथ घितलीया मी. ओळखीचा निघाला तर त्याला माझ्या घराची पायरी चढू देणार न्हाय. सख्खा भाऊ असला तरी."

गुन्हा नोंदवण्याजोगं काही दिसत नव्हतं. कुणाची फसवणूक नाही, पैशाची मागणी नाही, अश्लील तर काहीच नाही. मी तो अर्ज चौकशीवर ठेवला आणि बेळगावच्या सायबर विभागाला पत्र लिहिलं. तिकडून कंपनीला पत्र जाणार, कंपनीचं उत्तर येणार. त्याला वेळ लागतोच. तोवर मी जुन्या पद्धतीनं कामाला लागलो. जुनी पद्धत म्हणजे खबरी.

कॉन्स्टेबल चुळबुळत होती. ही चिकोडीकडची मुलगी, घरी कन्नड बोलणारी, कामात चोख. मी विचारलं, "काय गं?"

"सर, मी रोज ऐकते ते. आमच्या आईलापण पाठवते. तिला मराठी कळत नाही, तरी हसते." मग हळूच म्हणाली, "सापडला तर बंद करायला लावणार काय सर?"

"तू पोलीस आहेस का आप्पाची भक्त?" मी ओरडलो. तिनं तोंड पाडलं.

बसस्टँडजवळच्या चहावाल्यानं खबर दिली. तालुक्यात एक निवेदक होता. लग्न, बारसं, दुकानाचं उद्घाटन, जिथं माईक तिथं हा. नेत्यांच्या, नटांच्या नकला करायचा. "दुसरा कोण करणार साहेब? त्योच," चहावाला छातीठोकपणे म्हणाला. मी निवेदकाला बोलावून घेतलं.

चौकशीचं एक सांगतो. समोर माणूस बसवावा आणि आपण गप्प राहावं. पंखा फिरत असतो, आपण कागद चाळत असतो, आणि न विचारलेलं आधी बाहेर पडतं. या पठ्ठ्याच्या कपाळावर लगेच घाम आला. "साहेब, कबूल करतो," तो हात जोडून म्हणाला. "खडेबाजारातल्या लग्नात नवऱ्याच्या मामाची नक्कल मीच केलती. पण मामा सवता हसलं वो! त्यांनी तक्रार द्यायची म्हंजे कम्माल झाली."

मी कसंबसं गंभीर तोंड ठेवलं आणि आप्पांचं विचारलं. तो उडालाच. "ते मी न्हवं. मी बी ऐकतो की रोज."

"मग आवाज काढून दाखव."

त्यानं काढला. एकदम नाटकातला म्हातारा. दात नसलेला, कंबरेत वाकलेला. कॉन्स्टेबलनं तोंडावर रुमाल धरला. निवेदक स्वतःच ओशाळला आणि म्हणाला, "बघा. माझा आप्पा असा निघाला तर लोक शेण हाणतील. साहेब, आवाज काय, मोबाईलात जाड करता येतोय. पर आप्पा बोलायच्या आधी खाकरायचं, मग 'आं?' म्हणून थांबायचं, जसं काय समोरच्याचं ऐकूच आलं न्हाय. रागात असलं की जास्त हळू बोलायचं. हे मला बाहेरच्याला आज ऐकून ऐकून कळलंय. ह्यो जो कोण हाय, तो त्यांच्या घरात जेवलेला हाय."

नकलाकाराचा हा अभिप्राय मला कुठल्याही तज्ज्ञाच्या अहवालाइतका पटला. मी जीप काढायला सांगितली आणि कॉन्स्टेबलला घेऊन तक्रारदाराच्या घरी गेलो.

तक्रारदार दुकानात होता. घरात त्याची आई आणि बायको, दोघीच. आई बाहेरच्या सोप्यात बसली होती, मोबाईल मांडीवर. सून डोक्यावरचा पदर सावरत चहा घेऊन आली, कप ठेवले आणि भिंतीला टेकून खाली बघत उभी राहिली. तोवर तिचा आवाज म्हणून मी काही ऐकला नव्हता.

जबाब घ्यायला सुरुवात केली. कॉन्स्टेबलनं म्हातारीला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं आढ्याकडं पाहिलं. सासऱ्याचं नाव तिनं तरी कसं घ्यायचं? शेवटी कपाटातलं आधार कार्ड आणलं आणि त्यावरून नाव लिहिलं. मग सुनेची पाळी. "नवऱ्याचं नाव?" सून पुटपुटली, "आत्ती, सांगा की." सासूनं आपल्या लेकाचं नाव खणखणीत आवाजात सांगितलं. आमच्याकडं हे अजून चालतं. बँकेत नोकरी करणाऱ्या बायकासुद्धा घरात 'आमचे हे' म्हणतात. जनगणनेवाले आणि पोलीस, दोघांचाही यात निम्मा वेळ जातो. मी वैतागून घड्याळ बघत होतो.

"आजी, हा आवाज कुणाचा वाटतो तुम्हाला?"

"मालकांचा," म्हातारी म्हणाली. "बंद करू नका साहेब. ते गेल्यावर ह्या घरात भांड्याचा बी आवाज येत न्हवता. मला घास जात न्हवता. आता सकाळ झाली की बरं वाटतंय."

मला वाटलं, बिचारी रडेल. ती रडली नाही. उलट तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि तिनं पटकन पदरानं तोंड पुसलं. ते काय होतं, हे मला तेव्हा उमगलं नाही.

परतताना जीपमध्ये मी कॉन्स्टेबलला म्हटलं, "लाव तुझा आप्पा. पहिल्यापासून लाव." ती खूश झाली. आप्पा बोलत होते. थोरल्या लेकीला नावानं हाक मारून माहेरी न आल्याबद्दल झापत होते. शेजाऱ्याला नावानं शिव्या होत्या. मेलेल्या बैलाची नावानं आठवण होती. घरातल्या मांजराचंसुद्धा नाव होतं. लेकाचा विषय आला की मात्र, "आमचं दिवटं", "आमचा दुकानदार", "घरातलं साहेब".

"परत लाव," मी म्हणालो. तिनं परत लावलं. पुढचं लावलं. त्याच्या पुढचं.

"थांबव गाडी!" मी ओरडलो. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मागच्या ट्रकवाल्यानं आमचा उद्धार केला असणार, पण मला त्याचं काही नव्हतं. "अगं, कुठला बाप पोराचं नाव न घेता त्याला शिव्या देतो? मी माझ्या पोराला झापायचं म्हटलं की आधी नाव तोंडात येतं. हा बैलाचं नाव घेतो, मांजराचं घेतो, पोटच्या लेकाचं घेत नाही. या मुलखात माणसाचं नाव सगळं जग घेतं. कोण घेत नाही?"

कॉन्स्टेबलचे डोळे मोठे झाले. "अय्यो सर! बायको!"

आवाज सासऱ्याचा आणि गाऱ्हाणं सुनेचं. चहा करा, भांडी घासा, बायकोला एकदा माहेरी सोडून या. सगळा उलगडा झाला आणि मी मांडीवर थाप मारली. मग तक्रारदारानं घेतलेली शपथ मला आठवली. घराची पायरी चढू देणार नाही, सख्खा भाऊ असला तरी. भाऊ नव्हता, बायको होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तक्रारदार दुकानात असताना, आम्ही पुन्हा गेलो. परसात सून धुणं वाळत घालत होती. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "कळलं न्हवं तुमास्नी?" पहिल्यांदाच तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. चांगली तरतरीत बाई होती.

मग तिनं सांगितलं. सासरा गेल्यावर सासू जेवेना, बोलेना. एकदा मांजरानं दुधात तोंड घातलं आणि ही स्वयंपाकघरातून सासऱ्याच्या ढंगात मांजरावर खेकसली. बाहेर सासू खुदकन हसली. त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. मग हिनं मोबाईलमध्ये बोलून ठेवायला सुरुवात केली, आवाज थोडा जाड करून. ते पान काढलं आणि बघता बघता लोक जमले.

"लगीन होऊन आले तवापासनं ह्या घरात मी चार शब्दांच्या वर बोलले न्हाय, साहेब," ती म्हणाली. "मामंजींच्या आवाजात बोलाय लागले, आन् माणसं ऐकाय लागली. लई बरं वाटतंय वो. आता ह्यांनी शपथ घितलीया. ते बोलले म्हंजे करणार. मी पिशवी भरून ठेवलीया." एवढं बोलून ती रडायला लागली, हातात ओला टॉवेल तसाच.

कॉन्स्टेबल मला बाजूला घेऊन कुजबुजली, "सर, इसम मिळून आला नाही म्हणून अर्ज निकाली काढूया." कायद्यानं त्या बाईला काही होणार नव्हतं. पण घर जायची वेळ आली होती, आणि ती शिक्षा कुठल्या कलमात बसत नाही. तरी खोटा कागद करायला माझा हात धजेना. मी घुटमळत होतो, तोवर ती बाईच डोळे पुसून म्हणाली, "लपवू नका साहेब. मलाबी लपून बोलायचा कंटाळा आलाय. मीच सांगते त्यास्नी. फकस्त तुमच्यापुढं सांगते."

मी नवरा-बायकोला ठाण्यावर बोलावलं. म्हातारीला यायची गरज नव्हती, पण ती हट्टानं आली. तक्रारदार खुर्चीत ताठ बसला. "कोण सापडला? दाखवा."

सून उभी राहिली. "मी," ती म्हणाली.

त्याला आधी कळेचना. कळलं तसा त्याचा चेहरा लालबुंद झाला. "तू? गावानं माझी टिंगल केली, ती तुझ्यापायी?" तो उठला. "साहेब, अर्ज फाडा न्हाईतर ठेवा. ही आता माझ्या घरात येणार न्हाय." आणि तो दाराकडं चालू लागला.

मी उठून त्याला अडवणार, तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं.

"आं?"

आवाज सुनेचाच होता. जाड करायला मोबाईल नव्हता, काही नव्हतं. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा, आणि अगदी हळू. "खाली बस," ती म्हणाली. "बायका हुभ्या असताना जायाचं नसतंय."

"व्हय आप्पा," तो म्हणाला आणि गर्रकन वळून खुर्चीत बसला.

सगळं ठाणं थबकलं. वायरलेसवरचा शिपाईसुद्धा दारात येऊन उभा होता. तो माणूस दोन्ही हातांत तोंड खुपसून हमसून हमसून रडला. बाप गेल्यापासून तो रडलाच नव्हता, हे त्याच्या आईनं मला नंतर सांगितलं.

आता म्हातारी पुढं आली. "ऐक. ही नुसती आवाज काढती. त्यातलं बोलणं माझं हाय. च्या माझा, भांडी माझी, माहेरी सोडायचं माझं. ह्यो माणूस एकदा तरी असं बोलंल म्हणून उभा जन्म वाट बघितली मी. जित्तेपणी बोलला न्हाय, आता बोलाय लागलाय. आन् तू बंद करणार? घाल मलाबी घराभाईर!"

मला हसू आवरेना. कॉन्स्टेबल तर बाहेर पळाली. हसू की रडू असं तोंड झालेला तो माणूस आईकडं बघत होता, बायकोकडं बघत होता. मग तो बायकोला म्हणाला, इतक्या हळू की मला पुढं वाकून ऐकावं लागलं, "आप्पा मला कधी बरं म्हटलं न्हाईत गं. दुकान काढलं तवाबी न्हाय. एकदा... एकदा तेवढं म्हणाय सांग की त्यास्नी."

तिनं मान डोलावली. तिघं एकाच रिक्षातून घरी गेली.

अर्ज मागं घेतला गेला. सायबर विभागाचं उत्तर नंतर आलं, त्यात मला आधीच माहीत असलेली गोष्ट होती. मी एकच अट घातली होती: पानावर खरं काय ते लिहायचं. लोकांना फसवून हसवायचं नाही. तिनं लिहिलं, 'आवाज सुनेचा, बोलणं सासूचं, नाव आप्पांचं.' मला वाटलं, आता ऐकणारे पळणार. उलट वाढले. बायका आपापल्या सासऱ्यांकडून काय काय वदवून घ्यायचं, त्याच्या फर्माइशी पाठवायला लागल्या.

समेट झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हजेरीच्या वेळी कॉन्स्टेबलनं कुणालाही न विचारता मोबाईल लावला. आप्पा खाकरले, थांबले. मग लेकाला नावानं हाक मारून म्हणाले, "दुकान बरं चालवतोयस रं. मी बोललो न्हाय कधी. आमच्यात बोलायची रीत न्हवती. पर बघत होतो मी." ओळीत उभे असलेले माझे शिपाई, एकजात दांडगे गडी, जमिनीकडं बघायला लागले. एकानं तिथनंच बाहेर जाऊन बापाला फोन लावला.

खोट्या नावामागं लपलेला माणूस म्हणजे लबाड, हे मी नोकरीभर धरून चाललो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघालं. मोबाईल आल्यावर तर असे लबाड पैशाला पासरी झालेत. त्यांना मी आजही सोडा म्हणणार नाही. पण या प्रकरणानं मला मुखवट्यामागं बघायला शिकवलं. त्या बाईनं दुसऱ्याचा चेहरा घेतला तो काही लुबाडायला नाही. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यानं बोललं तर घरात कुणी ऐकत नव्हतं म्हणून. खऱ्या आप्पांनी जे उभ्या जन्मात सांगितलं नाही, ते त्या खोट्या आप्पांनी सांगितलं, आणि ऐकणाऱ्याला ते आपल्या बापाचंच वाटलं. यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे मला कन्नडातही लिहिता आलं नसतं आणि मराठीतही नाही. मी अर्जावर 'समेट झाला' असा शेरा मारला, सही केली आणि चहा मागवला.